बाराव्या आठवड्याचं रक्त

१

दामाजी तांडेल नवेबंदरच्या धक्क्यावर रक्ताची उलटी होऊन गेला, तेव्हा फाइलीत तो बरा होत आला होता.

तो गेला मंगळवारी सकाळी, अकरा ऑक्टोबरला. फाइलीतला शेवटचा रिपोर्ट त्याआधीच्या शुक्रवारचा. साल चौऱ्याण्णव. ती फाइल माझ्या हातात आली शनिवारी. टेंभी नाक्यावरचा देवीचा मांडव उतरवत होते, आणि सुरतेच्या प्लेगची धास्ती घेतलेली माणसं अजूनही तोंडाला रुमाल बांधून फिरत होती.

मी शीला रेडकर. सरकारी प्रयोगशाळेत एकतीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं आणि मे महिन्यात निवृत्त झाले. गुडघे गेलेत, साखर आहे, आणि पुन्हा परीक्षानळीकडे बघायचं नाही असं मी मनाशी ठरवलं होतं. पण एका धर्मादाय ट्रस्टचे सचिव जिना चढून घरी आले. चहासुद्धा न घेता त्यांनी दोन कागद माझ्यापुढे ठेवले.

"बुधवारी आम्ही पोलिसांत तक्रार देतोय," ते म्हणाले. "त्याआधी कुणीतरी जाणत्यानं बघावं, एवढंच."

प्रकरण असं होतं. ब प्रकारची कावीळ काही जणांच्या अंगातून जातच नाही. विषाणू वर्षानुवर्षं यकृतात मुक्काम करतो. माणूस हिंडतो-फिरतो, आणि आतून यकृत सुजत, सुकत जातं. अशा बारा रुग्णांना ट्रस्टनं परदेशी बनावटीची महागडी इंजेक्शनं फुकट द्यायचं ठरवलं. आठवड्याला तीन, सोळा आठवडे. काम कल्याणच्या डॉक्टर केळसकरांकडे दिलं होतं. दर पंधरा दिवसांनी रक्त घ्यायचं. यकृताची सूज सांगणारं एसजीपीटी, अल्ब्युमिन अशा नेहमीच्या तपासण्यांबरोबर केळसकर दोन गोष्टी खास बघत होते. एक ईएसआर, म्हणजे लाल पेशी तासाभरात नळीत किती खाली बसतात ते. दुसरी सीआरपी, अंगात सूज पेटली की रक्तात वाढणारं प्रथिन. या दोन स्वस्त तपासण्यांवरून औषध लागू पडतंय का ते कळावं, अशी त्यांची आशा होती.

पहिला कागद शुक्रवारचा, केळसकरांच्या लॅबचा. अल्ब्युमिन तीन पूर्णांक नऊ. म्हणजे चांगलं.

दुसरा मंगळवारचा, धुगधुगी असताना दामाजीला ज्या दवाखान्यात नेलं तिथला. अल्ब्युमिन दोन पूर्णांक एक.

"आमचा संशय टेक्निशियनवर आहे, उत्तम घाग," सचिव म्हणाले. "तपासण्या न करताच आकडे भरत असणार. नाहीतर मग ती नर्स. सगुणा साळुंके. इंजेक्शनं बाहेर विकली असतील आणि त्याला नुसतं पाणी टोचलं असेल."

मी चष्मा काढून डोळे चोळले. अल्ब्युमिन यकृतात तयार होतं आणि रक्तात आठवडेच्या आठवडे टिकतं. रक्त वाहून गेलं म्हणून थोडं उतरेल. पण चार दिवसांत एवढं? नाही.

एकतर शुक्रवारचा कागद खोटा होता, नाहीतर ते रक्त दामाजीचं नव्हतं.

२

कल्याणला पारनाक्यावर डॉक्टर केळसकरांची लॅब पहिल्या मजल्यावर आहे. केळसकर पन्नाशीचे, गोरे, हडकुळे. बरेच दिवस झोप न मिळालेल्या माणसासारखे दिसत होते.

"बाकीचे अकरा जण इथं येतात," ते म्हणाले. "दामाजी मासेमारी करणारा. भरती-ओहोटी सोडून त्याला येता येईना. म्हणून सगुणाबाई बर्फात इंजेक्शन घेऊन जायच्या आणि त्याचं रक्त घेऊन यायच्या."

"तुम्ही स्वतः त्याला कधी पाहिलं?"

"सुरुवातीला. आणि सप्टेंबरात एकदा."

"कसा होता?"

"डोळे पिवळसर वाटले. पण त्याच सुमाराला त्याचं एसजीपीटी तीनशेवर गेलं होतं. औषध लागू पडताना यकृतात अशी एक उसळी येते. ते चांगलं लक्षण असतं. मला वाटलं, त्यामुळंच पिवळे."

"म्हणजे कागद बघून डोळ्यांचा अर्थ लावलात."

टेबलावरचा पेपरवेट त्यांनी उगाच इकडचा तिकडे केला.

उत्तम घाग आतल्या खोलीत उभाच होता. तिशीतला, चिपळूणकडचा, दोन लेकरांचा बाप. त्याच्यासमोर कुणीतरी 'पोलीस' हा शब्द उच्चारलेला होता, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

"बाई, मी एकही आकडा मनानं लिहिलेला नाही," तो म्हणाला. "या प्लेगच्या भानगडीत दिवसाला दीडशे नळ्या येत होत्या, तरी नाही. तुम्हाला पटणार नाही, पण प्रत्येक वेळचं थोडं सीरम मी ठेवलंय. फ्रीझरमध्ये. तारखा घालून."

"कुणी सांगितलं होतं ठेवायला?"

"कुणी नाही. सवय आहे."

मी पदर खोचला. मे महिन्यानंतर पहिल्यांदाच पिपेट हातात घेतली, आणि बोटांना काही विसरल्यासारखं वाटलं नाही याचा मला राग आला. दामाजीच्या नावाच्या सात कुप्या होत्या. एकेका थेंबात सीआरपी तपासायचं द्रावण मिसळून काचपट्टी हलवत बसले. मिश्रण गुळगुळीत राहिलं तर सीआरपी नाही. दाणे धरले तर आहे. दाणे धरले, की सीरम पातळ करत जायचं आणि कुठवर धरतात ते बघायचं.

सहा कुप्यांत काही नाही. फक्त एकीत, सव्वीस ऑगस्टच्या कुपीत, सोळापट पातळ केलं तरी दाणे धरत होते.

उत्तमच्या रजिस्टरमध्ये सव्वीस ऑगस्टपुढे तेच लिहिलेलं होतं. बाकी सहा ठिकाणी 'निगेटिव्ह'.

घरी बसून आकडे लिहिणारा माणूस मधेच एकदा असा आकडा कशाला लिहील? उत्तम खरं बोलत होता. रक्त खरं होतं, तपासणी खरी होती.

"बस खाली, घाग," मी म्हटलं. तो बसला आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत राहिला.

मग मी रजिस्टर पहिल्यापासून वाचायला घेतलं. दुसऱ्याच ओळीवर माझं बोट थांबलं.

३

पंधरा जुलै, पहिलं रक्त. हिमोग्लोबिन तेरा पूर्णांक आठ, ईएसआर बासष्ट, अल्ब्युमिन दोन पूर्णांक नऊ.

एकोणतीस जुलै, दुसरं रक्त. हिमोग्लोबिन दहा पूर्णांक एक, ईएसआर चोवीस, अल्ब्युमिन तीन पूर्णांक आठ.

समासात केळसकरांच्या अक्षरात लाल शाईनं लिहिलं होतं, 'सूज झपाट्यानं उतरली!'

"डॉक्टर," मी हाक मारली. "हे तुम्हाला खटकलं नाही?"

"हिमोग्लोबिन? या औषधानं ते थोडं उतरतं."

"थोडं. दोन आठवड्यांत जवळजवळ चारनं नाही. आणि रक्त कमी झालं की पेशी नळीत लवकर खाली बसतात, ईएसआर चढतो. इथं दोन्ही एकदम उतरलेत. त्यातून अल्ब्युमिन वर गेलंय. पंधरा दिवसांत सुकलेलं यकृत पुन्हा कोवळं होतं का?"

त्यांनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं. "अकरा जणांत एवढा फरक कुणालाच नव्हता," ते हळू आवाजात म्हणाले. "हा एकच होता, ज्याच्याकडे बघून वाटायचं की सगळं वाया नाही गेलं."

मला त्यांच्यावर चिडता आलं नाही. मीही कितीदा हवं तेच वाचलेलं आहे.

पहिली नळी दामाजीची. दुसरीपासून पुढं सगळ्या दुसऱ्याच माणसाच्या. तो माणूस कोण, हे नळ्या सांगतात का ते बघायचं होतं.

एक, त्यालाही तीच कावीळ होती. प्रत्येक नळीत विषाणूची खूण सापडली होती, एसजीपीटी चढलेलं होतं. दोन, पांढऱ्या पेशी दर पंधरवड्याला उतरत गेल्या होत्या. सहा हजार, मग चार, शेवटी साडेतीन. प्लेटलेटही तशाच. ही इंजेक्शनं घेणाऱ्या प्रत्येकाचं असंच होतं. म्हणजे इंजेक्शनं विकली गेली नव्हती, पाणी टोचलं गेलं नव्हतं. ती कुणाच्या तरी अंगात जात होती आणि लागू पडत होती.

म्हणजे सचिवांचे दोन्ही संशय गेले. तिसरी गोष्ट मात्र उरली, सव्वीस ऑगस्टची. विषाणूनं यकृत सुजतं तेव्हा सीआरपी फारसं हलत नाही. जंतूंनी कुठं पू धरला की ते भडकतं. त्या एका दिवशी पांढऱ्या पेशीही मधेच उसळून साडेनऊ हजारांवर गेल्या होत्या. त्या आठवड्यात या माणसाच्या अंगात कुठंतरी पू होता. पुढच्या पंधरवड्यात गेलाही.

हिमोग्लोबिन कायम दहाच्या आसपास. होडी ओढणाऱ्या पुरुषाचं एवढं कमी? असतं कधी कधी. पण मी आयुष्यभर जे दहाचे आकडे लिहिले, त्यांतले बहुतेक बायकांचे होते.

"डॉक्टर, उरलेली इंजेक्शनं कुठं आहेत?"

"फ्रीजमध्ये. ट्रस्टनं सील केलीत. बुधवारी परत नेणार आहेत."

दामाजीला जाऊन चार दिवस झाले होते. म्हणजे तेवढे दिवस त्या दुसऱ्या माणसाचं औषध बंद होतं, सोळातले बारा आठवडे झाल्यावर. त्याच्या पेशींकडे आता कुणी बघत नव्हतं. आणि त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

४

रविवारी मी डोंबिवलीला पश्चिमेला उतरले आणि रिक्षानं नवेबंदर गाठलं. खाडीचं पाणी कारखान्यांच्या सांडपाण्यानं काळपट झालेलं. पलीकडं रेती काढणारे पडाव. धक्क्यावर उलट्या घातलेल्या चार होड्या, त्यांतली एक दामाजीची.

घरापुढं ओट्यावर त्याचा धाकटा भाऊ राघो बसला होता. डोकं भादरलेलं. मी कुठून आले ते सांगितल्यावर तो उठलासुद्धा नाही.

"माजे भावाला तुमी सुया टोचून मारलात," तो म्हणाला. "आता काय बघाया आलात?"

"कुणी मारलं का, तेच बघायला आलेय. सुया टोचल्यावर ताप यायचा का त्याला? थंडी वाजून?"

"ताप? दाजीला?" घरातले सगळे दामाजीला दाजीच म्हणत. "एक दिवस घरी बसला नाय तो. मरायच्या आदल्या दिशी जाला घेऊन गेल्ता. पोट फुगलेलं, पाय सुजलेलं, तरी जायाचा."

या इंजेक्शनानं पहिले काही आठवडे तरी माणसाला हुडहुडी भरते. एकूण एक रुग्ण तक्रार करतो.

"सुई टोचताना तू पाहिलंस?"

"नर्सबाई आत जायाची, दार लोटून घ्यायाची. दाजीला लाज वाटायची म्हनं." तो थुंकला. "आजारी बापूस आनि आथरुन धरलं पोरीनं. बापाची चिंता केली तिनं. दिसाआड घोंगरी घेऊन परायची, थंडीनं कुरकुरायची. केस बी झरलं तिचं."

मी दाराकडे बघितलं. आत चुलीपाशी एक मुलगी होती. एकोणीस-वीस वर्षांची, उंच, वाळलेली. डोक्यावरून घट्ट पदर.

"दामाजीची मुलगी?"

"लक्ष्मी. एकलीच. तिची आयस, कमलाबाई, चार सालांमागं गेली. पोटात पानी झाल्तं."

मी ओट्यावर टेकले. गुडघा ठणकत होता. आई पोटात पाणी होऊन गेली. बाप रक्ताची उलटी होऊन. ही कावीळ बाळंतपणात आईकडून लेकराला जाते, आणि मग जन्मभर जात नाही.

लक्ष्मीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. उजव्या हाताचा अंगठा ताठ होता, वाकत नव्हता. बुडाशी जांभळट व्रण, नुकता भरलेला.

"काय झालं गं हाताला?"

"शिंगाल्याचा काटा," ती म्हणाली. आवाज खोल गेलेला. "मासली साफ करताना घुसला. हात ह्यो एवरा सुजलेला. पू काढला तवा बरा झाला."

"कधीची गोष्ट?"

तिनं काकाकडे बघितलं. उत्तर राघोनंच दिलं.

"नारली पुनवेच्या दुसऱ्या दिशी. सोन्याचा नारल सोडला, होड्या घातल्या, आनि पयल्याच मासलीनं काटा मारला. इसरन कसा?"

त्या वर्षी नारळी पौर्णिमा एकवीस ऑगस्टला होती. बावीसला काटा. सव्वीसला नळी.

५

सगुणाबाई कल्याणला रामबागेत राहायच्या. साताऱ्याकडच्या, विधवा, पंचेचाळीशीच्या. सोमवारी मी गेले तेव्हा त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता खुर्ची पुढं केली.

"हात बघितलात वाटतं तिचा," त्या म्हणाल्या.

"बघितला."

"मग मला काय विचारता?"

"कसं झालं ते."

त्या खाली जमिनीवर बसल्या, भिंतीला टेकून.

"पहिलं रक्त दाजीचंच नेलं. पहिलं इंजेक्शन द्यायला गेले, तर तो म्हणाला, 'बाई, आदी पोरीचं बगा.' तिचं रक्त मी गुपचूप दुसरीकडं तपासून आणलं. तेच निघालं. मग मी केळसकर डॉक्टरांना विचारलं, बाई. नाव न घेता विचारलं. एकोणीस वर्षांची मुलगी घ्याल का? ते म्हणाले, लग्नाच्या वयाच्या बायका घ्यायच्या नाहीत, पोटातल्या गर्भाला धोका, नियम आहे. नियमच होता, त्यांचं काही खोटं नव्हतं."

"मग?"

"मग दाजी दार लोटून बसला. म्हणाला, 'मना टोचू नका. तिला टोचा.' मी म्हटलं, अरे तुझा जीव जाईल. तर म्हणतो, 'कमला गेली तवा मना कल्लं नाय काय झालं. आता कलतंय. कल्ल्यावर पन बगत बसू काय?' दोन दिवस मी गेलेच नाही तिकडं. तिसऱ्या दिवशी गेले आणि तिला टोचलं."

"लक्ष्मीला ठाऊक आहे?"

"नाही. तिला सांगितलं, दोघांचंही औषध आलंय. तिच्यासमोर मी दाजीलाही टोचायचे, शक्तीचं काहीतरी. गावात बोलू नको म्हटलं, उद्या तुला कोण करून घेईल. ती बोलली नाही." सगुणाबाईंनी पदर तोंडाशी नेला. "सप्टेंबरात त्याचे डोळे पिवळे झाले. मीच त्याला ओढून डॉक्टरांकडं नेलं. म्हटलं, आता तरी डॉक्टरांना दिसेल. त्यांनी फाइल बघितली आणि म्हणाले, शाब्बास, फारच छान चाललंय. दाजी हसला तिथं."

शेजारच्या घरात कुणीतरी चटणी वाटत होतं.

"तुमची नोकरी जाईल," मी म्हटलं.

"जाऊ दे. पण बाई, तिचे तीन डोस चुकलेत आजपर्यंत."

६

मंगळवारी सकाळी मी केळसकरांना सगळं सांगितलं. त्यांनी एकदाही मधे तोंड घातलं नाही. मी थांबल्यावर त्यांनी पंधरा जुलैची पहिली ओळ पुन्हा काढली आणि माझ्यापुढे सरकवली.

"अल्ब्युमिन दोन पूर्णांक नऊ. प्लेटलेट नव्वद हजार," ते म्हणाले. "याचं यकृत तेव्हाच सुकलेलं होतं. अशा माणसाला मी घ्यायलाच नको होतं. औषधानंच जास्त बिघडलं असतं कदाचित. पण अकरा जण मिळाले होते आणि बारावा हवा होता."

"कदाचित?"

"काही जण त्यातूनही तरतात, बाई. मी शपथेवर सांगू शकत नाही."

"तिचं काय करायचं?"

"नियमात ती बसत नाही."

"बारा आठवडे बसलीच आहे की. लग्न ठरलेलं नाही, पोटात मूल नाही. तीनशेवरनं तिचं एसजीपीटी ऐंशीवर आलंय. आता मधेच सोडलं तर?"

ते उठून खिडकीशी गेले. खाली पारनाक्यावर हातगाड्यांचा कलकलाट होता. मग वळले. त्यांनी लेटरहेड घेतलं आणि ट्रस्टला तीन ओळी लिहिल्या. निवडीत आपली चूक झाली. दामाजी तांडेल यांच्या पहिल्या नळीनंतरचं रक्त दुसऱ्या रुग्णाचं आहे. तो रुग्ण जिवंत आहे, उरलेलं औषध त्याचं आहे, आणि त्याची जबाबदारी मी घेतो. नाव लिहिलं नाही. खाली सही केली.

मी माझा अहवाल त्याला जोडला. उत्तम घाग निर्दोष. इंजेक्शनं विकलेली नाहीत. मृत्यू जुन्या आजारानं. सगुणाबाईंनी काय केलं तेही लिहिलं. ते झाकायचं माझ्या हातात नव्हतं, आणि त्यांनीही तशी मागणी केली नाही.

सचिवांनी दुपारी फोनवर तासभर वाद घातला. शेवटी म्हणाले, "तक्रार देत नाही. पण त्या नर्सला ठेवणार नाही. आणि त्या रुग्णाची स्वतःची, सगळं समजून केलेली सही पाहिजे."

सगळं समजून. म्हणजे कुणीतरी लक्ष्मीला सांगायला हवं होतं.

७

बुधवारी आम्ही तिघं गेलो. मी, सगुणाबाई, आणि केळसकर, पहिल्यांदाच नवेबंदरला. राघो मासळी घेऊन बाजाराला गेला होता. लक्ष्मी मागच्या अंगणात निवट्या, चिखलातले छोटे मासे, साफ करत बसली होती. डाव्या हातानं, कारण उजवा अंगठा चालत नव्हता.

मग मीच सांगितलं. सरळ, एकापाठोपाठ एक. औषध एकाचंच आलं होतं. ते तुला दिलं. तुझ्या बापानं सांगितलं म्हणून.

ती हात थांबवून ऐकत होती. निवट्या टोपल्यात उड्या मारत होत्या.

"बाबांचं इंजेक्शन लाल असायचं," ती म्हणाली. "माजं पान्यासारखं. मी विचारलेलं. बाबा बोल्ला, बायांचं येगलं असतंय."

सगुणाबाई तोंड फिरवून रडू लागल्या.

"म्हंजे बाबा माज्यामुले..." मग तिनं माझ्याकडेच बघितलं. डॉक्टरांकडे नाही. "ते औषध बाबांना दिलं असतं, तर बाबा वाचला असता काय? खरं सांगा."

एकतीस वर्षांत मला हा प्रश्न कितीतरी जणांनी विचारला. मी नेहमी म्हणायचे, डॉक्टरांना विचारा. आज डॉक्टर माझ्या शेजारीच मान खाली घालून उभे होते.

"मला माहीत नाही, लक्ष्मी," मी म्हटलं. "त्याचं यकृत आधीच संपत आलं होतं. त्या औषधानं तो तरला असता, किंवा महिन्याभरात गेला असता. दोन्ही होऊ शकलं असतं. कोणतंच ठाम सांगता येत नाही, आणि खोटं मला सांगायचं नाही."

तिनं मान हलवली. हात धुतले. बराच वेळ धूत राहिली. मग घरात गेली. आम्ही अंगणात उभे. मला वाटलं, ती आता बाहेर येणार नाही, आणि तिचं काही चुकतंय असंही मला वाटलं नाही.

ती आली ती पदर खोचून. माझ्यापुढं पाटावर बसली.

"किती रायलीत?"

"चार आठवड्यांची. आणि मधली चुकलेली."

"कागद कुठं हाय?"

केळसकरांनी कागद पुढं केला. एकेक ओळ त्यांनी तिला वाचून दाखवली, धोके आधी. सही करताना तिच्या ताठ अंगठ्यात पेन नीट बसेना. तिनं ते डाव्या हातात घेतलं आणि मोठ्या, वाकड्या अक्षरांत आपलं पूर्ण नाव लिहिलं. मग बाही वर सारून हात पुढं केला. शीर मीच शोधली.

सोळा आठवडे पुरे झाले नोव्हेंबरअखेर. एसजीपीटी छत्तीसवर आलं आणि पुढच्या तपासण्यांतही तिथंच राहिलं. विषाणू गेला नाही, पण शांत झाला. केळसकरांनी अभ्यास अकरा जणांवर पुरा केला. निष्कर्षात लिहिलं, की ईएसआर आणि सीआरपी यांवरून या आजारात औषधाचा गुण कळेलच असं नाही. कुठल्या मासिकानं तो छापला नाही. सगुणाबाई भिवंडीला एका प्रसूतिगृहात लागल्या, आधीपेक्षा कमी पगारावर.

मार्च महिन्यात लॅबमधून उत्तमचा फोन आला. "बाई, जरा याल का? इथं नवेबंदरहून लोक आलेत."

जिन्यात रांग होती. राघो, त्याची बायको, तीन पोरं, शेजारच्या आवडाबाई, त्यांच्या दोन सुना. सगळ्यांच्या पुढं लक्ष्मी उभी, हातात वही. तिनं आळीत घरोघरी जाऊन स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, मला हा आजार आहे, माझी आई आणि बाप त्यानंच गेले, तुम्ही रक्त तपासा. दोन घरांनी तिला दारातून हाकललं होतं. बाकीचे आले होते.

"राघोकाका भितो सुईला," ती मला म्हणाली. "त्याला पयलं घ्या."

मी पर्स खुंटीला अडकवली आणि हात धुतले. त्या दिवशी आठ जणांचं रक्त घेतलं. तिघांचं पॉझिटिव्ह निघालं, आणि त्यातलं एक राघोच्या सहा वर्षांच्या मुलीचं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी त्याच लॅबमध्ये पुन्हा कामाला जाऊ लागले.